बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरचे विषाणू: कोणता कधी डोकं वर काढतो आणि घरच्यांनी काय करायचं

डिस्चार्ज मिळाला की बहुतेक घरं एकाच कामाला लागतात. फरशी दिवसातून तीनदा पुसायची, दाराशी सॅनिटायझर ठेवायचं, पाहुण्यांना उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं. हे सगळं योग्यच आहे. पण ट्रान्सप्लांटनंतर सगळ्यात जास्त छळणारे विषाणू दारातून येत नाहीत. ते पेशंटच्या अंगात आधीपासूनच, बरेचसे लहानपणापासून, झोपलेले असतात. फिनेलचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. त्यांना धरायचं तर गोळ्या वेळेवर घ्यायच्या, ठरल्या वारी रक्त द्यायचं आणि कुठल्या महिन्यात कशाकडे लक्ष ठेवायचं ते माहीत करून घ्यायचं.

खालचं सगळं मुख्यतः दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या, म्हणजे अ‍ॅलोजेनिक ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी आहे. स्वतःच्याच पेशी परत दिल्या असतील, तर धोका बराच कमी असतो. त्यांनी असायक्लोव्हिर (हर्पिस आणि नागीण रोखणारी गोळी), नागीण, कावीळ ब, ताप आणि लसी एवढे भाग नीट वाचले तरी पुरे.

आधी एक गैरसमज: ‘काउंट आले, आता काळजी नाही’

पांढऱ्या पेशी साधारण दोन ते चार आठवड्यांत वर येतात आणि वॉर्डात पेढे वाटले जातात. पण त्या मुख्यतः न्यूट्रोफिल असतात. त्यांचं काम जिवाणू आणि बुरशीशी लढण्याचं. विषाणूंवर पहारा ठेवतात त्या टी-पेशी, आणि त्या पुरेशा संख्येने आणि पुरेशा शहाण्या होऊन परत यायला कित्येक महिने, कधी वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. त्यात सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असतं, तेही नेमकं टी-पेशींनाच दाबणारं. वर जीव्हीएचडी झाला, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्या शरीरावर उठल्या, की स्टिरॉइड सुरू होतं. म्हणून एक नियम मनात पक्का करा: स्टिरॉइड सुरू झालं किंवा त्याचा डोस वाढला, की विषाणूंचं कॅलेंडर पुन्हा पहिल्या पानावर येतं. पेशंट आठव्या महिन्यात असला तरी.

अ‍ॅडमिशनच्या आधी: फाईलमधले हे रिपोर्ट शोधा

पेशंट आणि डोनर या दोघांचे विषाणूंचे रक्ततपास झालेले असतात. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस), ईबीव्ही (एप्स्टाइन-बार व्हायरस), हर्पिस, कांजिण्या, कावीळ ब आणि क, एचआयव्ही. यातल्या दोन ओळींवर पेनाने खूण करून ठेवा.

पहिली ओळ सीएमव्ही आयजीजीची, म्हणजे कधीकाळी संसर्ग होऊन गेल्याची खूण असलेल्या अँटीबॉडीची. भारतात मोठ्या माणसांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त जण पॉझिटिव्ह असतात, त्यामुळे तो शब्द बघून घाबरू नका. गंमत अशी की डोनर निगेटिव्ह निघाला की नातेवाइकांना हायसं वाटतं. प्रत्यक्षात पेशंट पॉझिटिव्ह आणि डोनर निगेटिव्ह ही जोडी सीएमव्हीच्या बाबतीत सगळ्यात अवघड. विषाणू पेशंटच्या अंगात आहे आणि नव्याने येणाऱ्या पेशींनी तो कधी पाहिलेलाच नाही. म्हणून पेशंट पॉझिटिव्ह असेल तर, बाकी सगळं सारखं असताना, पॉझिटिव्ह डोनर बरा.

दुसरी ओळ कावीळ बची. एचबीएस अँटिजेन सगळे बघतात, त्याच्या शेजारचा ‘कोअर अँटीबॉडी’ हा रकाना मात्र नजरेतून सुटतो. तो पॉझिटिव्ह असेल तर कधीकाळी संसर्ग होऊन गेलेला आहे आणि विषाणू यकृतात दबा धरून बसलेला असू शकतो. तो खूप उशिरा, ट्रान्सप्लांटनंतर वर्ष-दोन वर्षांनीसुद्धा उठतो. त्यासाठी एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिरची रोजची गोळी दिली जाते आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबल्यावरही ती बराच काळ चालू राहते. ‘बाकीच्या गोळ्या बंद झाल्या, मग हीही संपली’ असं समजून ती परस्पर थांबवणं धोक्याचं आहे. एकदम बंद केल्यावर यकृताला अचानक मोठी सूज येऊ शकते.

थॅलेसेमियाच्या मुलांच्या आईबाबांसाठी एक जोड. रक्त चढवल्यावर किंवा आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीचं औषध) दिल्यावर दुसऱ्यांच्या अँटीबॉडी काही काळ मुलाच्या रक्तात फिरत असतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख डॉक्टरांना सांगा. आणि यापुढे कुठेही रक्त किंवा प्लेटलेट चढवायची वेळ आली, तर ‘ट्रान्सप्लांट पेशंट आहे, इरॅडिएटेड आणि ल्युकोरिड्यूस्ड रक्त हवं’ हे वाक्य तोंडपाठ असू द्या, म्हणजे किरण दिलेलं आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त. गावाकडच्या दवाखान्यात हे आपल्यालाच सांगावं लागतं.

कोण कधी येतो

डे झिरो म्हणजे पेशी चढवल्याचा दिवस. तिथून मोजायचं. पहिला महिना हर्पिसचा: तोंडात, ओठांवर फोड आणि चट्टे. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात एचएचव्ही-६, हर्पिसच्याच घराण्यातला, तो मेंदूवर जातो. काउंट आल्यापासून शंभराव्या दिवसापर्यंत सीएमव्ही, लघवीतला बीके विषाणू आणि लहान मुलांत अ‍ॅडेनोव्हायरस. पहिल्या सहा महिन्यांत ईबीव्ही. त्यानंतर, विशेषतः असायक्लोव्हिर थांबल्यावर, नागीण. सर्दी-खोकल्याचे विषाणू, गोवर आणि डेंग्यू यांना कॅलेंडर नाही. ते शेजारपाजारी असले की इथेही येतात.

या सगळ्यात सीएमव्हीवर सर्वाधिक वेळ, पैसा आणि झोप खर्च होते, म्हणून त्याच्यावर जरा जास्त.

सीएमव्ही: ठरल्या वारी रक्त

सीएमव्हीशी लढायची पद्धत अशी की आजार व्हायची वाट बघायचीच नाही. दर आठवड्याला पीसीआर, म्हणजे विषाणू मोजणारी तपासणी, करून रक्तात विषाणू वाढायला लागला, की पेशंट ठणठणीत दिसत असतानाच उपचार सुरू करायचे. हे किमान शंभराव्या दिवसापर्यंत, आणि स्टिरॉइड चालू असेल तर पुढेही. आणि इथेच गाडी चुकते. पेशंट जेवतोय, फिरतोय, ताप नाही. मग एवढ्या लांबून एका ट्यूबसाठी कशाला जायचं, या आठवड्यात राहू द्या. ज्या आठवड्यात तब्येत छान असते त्याच आठवड्यासाठी ही तपासणी आहे. सीएमव्ही फुप्फुसात उतरल्यावर तो आटोक्यात आणणं फार कठीण जातं.

रिपोर्ट वाचताना तीन गोष्टी बघा. एक, आकडा कॉपीजमध्ये आहे की आययूमध्ये (ही मोजण्याची दोन वेगळी एककं). दोन, नमुना प्लाझ्माचा आहे की संपूर्ण रक्ताचा. तीन, लॅब तीच आहे का. यातलं काहीही बदललं तर मागच्या आठवड्याच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही, म्हणून शक्यतो लॅब बदलू नका. त्याच लॅबमध्येसुद्धा ४०० चे ६०० झाले तर ती वाढ मानत नाहीत. साधारण तिप्पट फरक पडला तरच तो खरा. कुठल्या आकड्याला उपचार सुरू करायचे, हे प्रत्येक केंद्र आपापलं ठरवतं आणि ते पेशंटच्या धोक्यावरही अवलंबून असतं. त्यामुळे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असा की खारघरच्या भाड्याच्या खोलीत, शेजारच्या पेशंटच्या आकड्याशी आपला आकडा जुळवत बसू नका. तसं करून रात्री जागणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात आकडा कधीकधी वाढतो. औषध लागू पडत नाही, असा त्याचा अर्थ लगेच काढायचा नसतो. योग्य डोस दोन आठवडे देऊनही आकडा हलला नाही, तर डॉक्टर विषाणू औषधाला दाद देत नाही का ते तपासतात.

औषधांची थोडी ओळख:

गॅनसायक्लोव्हिर शिरेतून, दिवसातून दोनदा. त्याचीच गोळी म्हणजे व्हॅलगॅनसायक्लोव्हिर. ती जेवणासोबत घ्यायची, तोडायची किंवा कुटायची नाही, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. दोन्हींमुळे पांढऱ्या पेशी खाली येतात. महिन्याभरापूर्वी वर आलेले काउंट पुन्हा पडताना बघून ‘ग्राफ्ट फेल झाला का?’, म्हणजे डोनरच्या पेशी टिकल्या नाहीत का, अशी धास्ती बसते. बऱ्याचदा हे औषधाचंच असतं. डॉक्टर डोस बदलतात, काउंट वाढवणारं इंजेक्शन देतात किंवा औषधच बदलतात.

फॉस्कारनेट काउंट पाडत नाही, पण किडनीवर भार टाकतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम खाली आणतं. सलाईन चालू असताना ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सिस्टरना सांगा. हे औषध लघवीतून बाहेर पडताना जागा जाळतं, त्यामुळे प्रत्येक वेळी लघवीनंतर पाण्याने धुवायचं. एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली नाही, तर जखमा होईपर्यंत पेशंट संकोचाने गप्प राहतो.

लेटरमोव्हिर हे सीएमव्ही उठूच नये म्हणून द्यायचं औषध आहे. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मान्यता मिळाली. महागडं आहे, पण काउंट पाडत नाही. मात्र ते फक्त सीएमव्हीवर चालतं. हर्पिस आणि नागिणीवर त्याचा उपयोग नाही, त्यामुळे ते चालू असलं तरी असायक्लोव्हिर बंद करायचं नाही. शिवाय त्याने सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढते. पातळी मोजण्याच्या दिवशी सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसची सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची, हे इथे दुप्पट महत्त्वाचं.

एक अवघड प्रसंग आधीच सांगून ठेवतो: जुलाब. पाण्यासारखे किंवा रक्ताचे जुलाब जीव्हीएचडीनेही होतात आणि आतड्यातल्या सीएमव्हीनेही. पहिल्याला स्टिरॉइड लागतं, दुसऱ्याला स्टिरॉइडने बळ मिळतं. रक्तातला पीसीआर निगेटिव्ह असतानाही आतड्यात सीएमव्ही असू शकतो. म्हणून डॉक्टर दुर्बीण घालून तुकडा तपासायला म्हणतात. ‘आधीच एवढा अशक्त झालाय, आता दुर्बीण नको’ असं म्हणावंसं वाटतं, ते समजण्यासारखं आहे. पण तो तुकडा मिळाला नाही तर उपचार अंदाजानेच करावे लागतात.

असायक्लोव्हिर आणि नागीण

असायक्लोव्हिरची गोळी साधी, स्वस्त आणि म्हणूनच दुर्लक्षित. ती किमान एक वर्ष, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर त्याहून जास्त काळ घ्यायची असते. सोबत पाणी भरपूर. गोळ्यांच्या ढिगातून नेमकी हीच वगळली जाते, कारण ती चुकली तरी लगेच काहीच होत नाही.

नागीण बहुतेक वेळा फोडांच्या आधी दुखण्याने सुरू होते: छातीच्या, पाठीच्या किंवा कपाळाच्या एकाच बाजूला आग, टोचणी. या पेशंटमध्ये कधी नुसतं पोट प्रचंड दुखतं, यकृताचे आकडे वाढतात आणि फोड नंतर, कधी फार उशिरा, दिसतात. अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन थांबू नका. गेरूचा लेप, मंत्र, ‘विळखा पूर्ण झाला तर माणूस जातो’ ही कुजबुज, हे सगळं आपल्याकडे अजून आहे. आजीचं मन राखायला तिच्याशी वाद घालू नका, पण लेप लावायचा नाही आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. फोड अंगभर पसरू शकतात, तेव्हा औषध शिरेतून द्यावं लागतं. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर रात्र असली तरी निघायचं.

घरात किंवा शाळेत कुणाला कांजिण्या झाल्या आणि पेशंट त्याच्या जवळ गेला असेल, तर फोड यायची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. संपर्कानंतर द्यायच्या औषधांना मुदत असते.

लघवी लाल

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर लघवीला जळजळ, सतत लागल्यासारखं वाटणं आणि रक्त, हे बहुधा बीके विषाणूचं काम. अर्ध्या जुळणीच्या डोनरकडून, म्हणजे हॅप्लो ट्रान्सप्लांटमध्ये, हे जास्त दिसतं. यावर खात्रीचं औषध नाही, हे कटू असलं तरी खरं आहे. भरपूर सलाईन, प्लेटलेट पुरेशा ठेवणं, वेदनाशामक, आणि गाठी पडू लागल्या तर तीन तोंडांची नळी घालून मूत्राशय सतत धूत राहणं, यावर भर असतो. आठवडेच्या आठवडे जातात. घरी असाल तर पारदर्शक बाटलीत लघवी घेऊन उजेडात रोज फोटो काढा. ‘जरा लालसर’ या शब्दांपेक्षा फोटो उपयोगी पडतो. बीट खाल्लं असेल तर तेही सांगा. रक्ताच्या गाठी येऊन लघवी अडली तर ती तातडीची वेळ.

विसरायला लागला तर

पाच मिनिटांपूर्वीचं बोलणं आठवत नाही, झोप उडाली, असंबद्ध बोलतोय, रिपोर्टमध्ये सोडियम घसरलंय: पहिल्या दीड-दोन महिन्यांत असं झालं तर ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून सोडू नका. एचएचव्ही-६ मेंदूत स्मरणशक्तीच्या जागेवर बसतो आणि पुढे फिट येऊ शकते. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिननेही गोंधळल्यासारखं होतं. कारण कुठलं ते एमआरआय आणि पाठीच्या पाण्याचा पीसीआर सांगतो. रोज सोबत राहणाऱ्या माणसाला हा बदल सगळ्यात आधी कळतो, डॉक्टरांना नाही.

ईबीव्हीबद्दल थोडक्यात: एटीजी, म्हणजे टी-पेशी मारणारं औषध, दिलं असेल (अप्लास्टिक अ‍ॅनिमिया आणि थॅलेसेमियात बऱ्याचदा देतात), तर त्याचाही पीसीआर ठरावीक अंतराने होतो. ताप आणि मानेत, काखेत गाठी, हे त्याचं लक्षण. दुर्लक्ष झालं तर लिम्फोमासारखा आजार होतो. रिटुक्सिमॅब (ईबीव्ही ज्यांत लपतो त्या बी-पेशी मारणारं औषध) देणं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं हे उपाय आहेत. रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांनी कावीळ बचा तो ‘कोअर अँटीबॉडी’चा रकाना पुन्हा एकदा उघडून बघावा.

बाहेरून येणारे

आता ते सॅनिटायझर कामाला येईल. फ्लू, आरएसव्ही, पॅराइन्फ्लुएन्झा, कोविड: निरोगी माणसाची दोन दिवसांची सर्दी या पेशंटच्या फुप्फुसात उतरू शकते. घरात ज्याला सर्दी आहे त्याने दुसऱ्या खोलीत झोपायचं आणि मास्क त्यानेही लावायचा. पेशंटला सर्दी झाली तर नाकातल्या स्वॅबची तपासणी लवकर करून घ्या. फ्लू निघाला तर ओसेल्टामिव्हिर जितकं लवकर तितकं बरं. बसल्या जागी आणि घरातल्या घरात थोडं चालून आल्यावर, दोन्ही वेळा ऑक्सिजन मोजा. चालल्यावर घसरत असेल तर कळवा. कोविडवरची रिटोनाविर असलेली गोळी किंवा केमिस्टने दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन टॅक्रोलिमसची पातळी धोकादायक वाढवू शकतं. ट्रान्सप्लांट टीमला न विचारता काहीही सुरू करायचं नाही. यात ‘इम्युनिटी वाढवणारे’ काढे आणि गुळवेलही आले.

महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून घरातल्या सगळ्यांनी पावसाळ्याआधी फ्लूची इंजेक्शनवाली लस घ्यावी. नाकातला स्प्रे जिवंत विषाणूचा असतो, तो नको.

डेंग्यूचे डास दिवसा चावतात. ट्रान्सप्लांट पेशंटच्या प्लेटलेट आधीच कमी असल्याने डेंग्यू पटकन ओळखू येत नाही. तापाच्या पहिल्या दिवसांत एनएस१ तपासा आणि ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन टाळा.

गोवराची साथ २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, येऊन गेली. ट्रान्सप्लांटनंतर लहानपणच्या लसींचं संरक्षण पुसलं जातं, त्यामुळे चाळिशीच्या पेशंटनेही ‘मला लहानपणी होऊन गेलाय’ यावर विसंबू नये. घरातल्या मुलांच्या गोवर-रुबेलाच्या लसी मात्र पूर्ण करा. त्या लसीचा विषाणू घरात पसरत नाही. कांजिण्यांची लसही चालते, फक्त लसीनंतर मुलाला पुरळ आलं तर ते जाईपर्यंत दूर ठेवा.

पोलिओच्या थेंबांबाबत नीट ऐका. त्यातला विषाणू जिवंत असतो आणि बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. घरात तान्हं बाळ असेल तर इंजेक्शनच्या पोलिओ लसीबद्दल बालरोगतज्ज्ञांशी ट्रान्सप्लांटच्या आधीच बोला. थेंब देऊन झाले असतील तर पेशंटने महिना-दीड महिना बाळाची शी-शू काढायची नाही. रोटाव्हायरसच्या थेंबांनाही हीच काळजी. आणि पेशंट स्वतःच पाच वर्षांच्या आतला असेल, तर पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर किंवा नंतर दारात आलेल्या ताईंना स्पष्ट सांगा: याचं ट्रान्सप्लांट झालंय, याला थेंब चालत नाहीत. त्या त्यांचं काम चोख करत असतात, सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

फोन कधी, आणि फोनवर काय सांगायचं

१००.४ फॅरेनहाइट ताप एकदा जरी दिसला तरी फोन. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवू नका. ताप विषाणूचा की जिवाणूचा हे घरी ठरवता येत नाही आणि जिवाणूचा असेल तर तासातासाने फरक पडतो. स्टिरॉइडवर असलेल्यांना ताप येतच नाही असंही होतं. त्यांच्या बाबतीत धाप, गळून जाणं, नुसता कोरडा खोकला यालाच ताप समजा. डोळ्यांपुढे ठिपके, धूसर दिसणं, लघवी अडणं, जुलाबात रक्त, डोळे पिवळे होणं, हेही थांबण्यासारखं नाही.

फोनवर सुरुवात अशी करा: ट्रान्सप्लांटला किती दिवस झाले, कोणाचा डोनर, स्टिरॉइडचा आजचा डोस, शेवटचा सीएमव्ही पीसीआर कधी आणि किती. मग तक्रार. ड्युटीवरचा डॉक्टर नवा असला तरी या चार उत्तरांवर त्याला अर्धा अंदाज येतो. ही माहिती मोबाइलमध्ये एका नोटमध्ये लिहून ठेवा आणि दर आठवड्याला बदला.

गावी जाताना

शंभर दिवसांनी नांदेड, जळगाव, सावंतवाडी जिथे परतायचं तिथे पीसीआर होईलच असं नाही. निघण्याआधी विचारा: नमुना कुठल्या लॅबकडे जाईल, किती वेळात पोचला पाहिजे, रिपोर्ट कोण बघेल. गावच्या डॉक्टरांसाठी एक पानाचं पत्र घ्या, त्यात चालू औषधं आणि कुठली औषधं देऊ नयेत ते असू द्या.

लसी नव्याने सुरू होतात. न्यूमोकोकल, फ्लू, कावीळ ब, इंजेक्शनची पोलिओ लस अशा मृत लसी साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यापासून. कांजिण्या, गोवर यांच्या जिवंत लसींसाठी दोन-एक-आठ हा हिशेब: ट्रान्सप्लांटला दोन वर्षं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं थांबून एक वर्ष, शेवटच्या आयव्हीआयजीला आठ महिने, आणि जीव्हीएचडी नसला पाहिजे. बीसीजी द्यायचीच नाही. नागिणीची नवी लस जिवंत विषाणूची नाही, ती भारतात २०२३ पासून मिळते. आपल्या पेशंटला कधी द्यायची ते असायक्लोव्हिर बंद करण्याची चर्चा होईल त्याच भेटीत विचारून घ्या.